आधी डोळा, मग हात : धाराशिवच्या माळावरचा मुक्काम आणि विंचू

धाराशिव जिल्ह्यात वाळवंट नाही. परंतु उन्हाळ्यात बालाघाटच्या एखाद्या उघड्या माळावर उभे राहिले, तर वाळवंटाच्या बऱ्याच खुणा दिसतात. पर्जन्यछायेचा प्रदेश, तापलेला काळा कातळ, सुकलेले कुसळी गवत, मधूनच एखादे बाभळीचे झाड आणि नजर पोहोचेल तिथवर दगड. दिवसा निर्जीव वाटणारी ही भूमी रात्री मात्र जागी होते. दगडाखालचा, भिंतीच्या फटीतला, सरपणाच्या ढिगातला विंचू अंधार पडल्यावर किडे-मुंग्यांच्या शोधात बाहेर येतो. आपण त्याच्या खिजगणतीतही नसतो. आपला हात किंवा पाय नकळत त्याच्यावर पडतो, तेव्हाच तो नांगी उगारतो.

या जिल्ह्यात येणारा प्रवासी बहुधा एखादी तरी रात्र उघड्यावर काढतो. कोणी तुळजाभवानीला पायी येतो, कोणी येरमाळ्याच्या यात्रेत राहुटी ठोकतो, कोणी शेतातल्या आखाड्यावर नातवंडांना घेऊन चांदणे पाहायला जातो. अलीकडे तंबू घेऊन किल्ल्यांच्या परिसरात मुक्काम करणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत. अशा प्रत्येक मेळ्यात आजी-आजोबा असतात, आणि त्यांची काळजी वाहणारे कोणीतरी असते. हा लेख त्या दोघांसाठी आहे. विंचवाच्या भीतीने कोणी घरी बसावे असे मला मुळीच वाटत नाही. कुठे बसावे, कसे झोपावे आणि दंश झालाच तर पहिला तास कसा वापरावा, एवढे कळले की या भूमीत निर्धास्त हिंडता येते.

लाल आणि काळा

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारचे विंचू लोकांना ठाऊक असतात. एक मोठा, काळा, दणकट चिमट्यांचा; त्याला कित्येक गावांत इंगळी म्हणतात. दुसरा लहान, तांबूस-पिवळसर, सडपातळ. भीती बहुधा पहिल्याची वाटते, आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. काळ्या विंचवाचा दंश पुष्कळ दुखतो, परंतु सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू मात्र भारतातील सर्वांत घातक विंचवांपैकी एक आहे, आणि महाराष्ट्रात तो सर्वत्र आढळतो. ढोबळ खूण लक्षात ठेवावी : ज्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड, त्याचे विष अधिक जहाल. ज्याचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तो शिकारीसाठी विषापेक्षा चिमट्यांवर अधिक अवलंबून असतो.

विंचवाची मादी अंडी घालत नाही. पिल्ले जिवंत जन्मतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्यावरूनच आली. पिल्ले आईला खाऊन टाकतात हा समज मात्र खरा नाही. हे सांगण्याचे कारण असे, की मादी सापडली त्या जागी पिल्लेही असू शकतात. एक विंचू मारला म्हणजे ती जागा निर्धोक झाली, असे समजू नये.

येरमाळ्याची यात्रा

कळंब तालुक्यातील येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरी देवीचे स्थान आहे. चैत्र पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईतील मंदिरात येते, आणि भाविक शेतातून चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. चुना वेचण्याचा हा विधी म्हणजे या यात्रेचे वैशिष्ट्य. आमराईत कुटुंबेच्या कुटुंबे मुक्कामाला असतात. चुली पेटतात, रात्री आराधी मंडळींची गाणी चालतात, आणि दमलेली माणसे जागा मिळेल तिथे अंग टाकतात.

डॉक्टरच्या नजरेने हे दृश्य पाहिले, तर तीन गोष्टी ध्यानात येतात. चैत्र हा तापत्या रात्रींचा महिना आहे, आणि अशा रात्री विंचवाची हालचाल वाढते. हात खड्यांत असतात. आणि पाय श्रद्धेने अनवाणी असतात.

श्रद्धेला धक्का न लावता सावध राहणे शक्य आहे. खडे चांगल्या उजेडातच वेचावेत. मोकळ्या, स्वच्छ दिसणाऱ्या जमिनीवरचे सुटे खडे घ्यावेत. मातीत अर्धवट रुतलेल्या मोठ्या दगडाखाली बोटे घालू नयेत. चुलीसाठी तीन दगड गोळा करायचे असतील, तर दगड आधी काठीने हलवावा. उचलताना त्याची पलीकडची कड आधी वर करावी, म्हणजे खाली काही असले तर ते आपल्या विरुद्ध दिशेला पळेल आणि मध्ये दगडाचा आडोसा राहील. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालण्याचा आग्रह सोडावा. देवळाच्या पायरीशी चप्पल काढली, तरी देवीची सेवा पुरी होते.

मधुमेहाचा उल्लेख मुद्दाम केला. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी होते. खडा टोचलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही, आणि कधी कधी दंशही उशिरा लक्षात येतो. काळजी घेणाऱ्याने अशा व्यक्तीचे तळपाय झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर उजेडात पाहावेत. विंचवापुरतेच नव्हे, एरवीही ही सवय पाय वाचवणारी आहे.

तुळजापूरची वाट

आश्विनात तुळजापूरकडे येणारे सर्व रस्ते माणसांनी भरून जातात. सोलापूरकडून, कर्नाटकाच्या सीमेवरून भाविक रात्रंदिवस चालत असतात. कोजागरीच्या सुमारास तर सोलापूर-तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता म्हणजे माणसांचा अखंड प्रवाहच असतो. चांदणे असते, हवा सुखद असते, आणि पहाटेच्या सुमारास पाय जड झाले की माणूस रस्त्याच्या कडेला कुठेही आडवा होतो.

हे 'कुठेही' तेवढे टाळावे. दगडांची ताल, पडकी भिंत, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा किंवा विटांचा ढीग, झाडाचा भेगाळलेला बुंधा, ही विंचवाची घरे. विसावा घेताना यांपासून चार-पाच पावले दूर, मोकळ्या आणि शक्यतो फरसबंद जागेवर पथारी टाकावी. टेकायला भिंत हवी असे ज्येष्ठांना वाटणे स्वाभाविक आहे. मग ती गिलावा केलेली, फटी नसलेली भिंत असू द्यावी. खाली ताडपत्री, तिच्यावर वाकळ किंवा घोंगडी. अंथरूण आधी अंथरून ठेवून फिरायला जाऊ नये. झोपायच्या वेळीच ते झटकून अंथरावे आणि उठल्याबरोबर गुंडाळून ठेवावे.

आपल्या आज्या अंथरूण झटकल्याशिवाय कोणालाही त्यावर बसू देत नसत. लुगडे वलनीवरून काढले की आधी झटकत, वहाण उलटी करून जमिनीवर आपटत, सरपणाचा ढलपा उचलण्याआधी त्यावर काठी मारत. नव्या पिढीला ही खोड वाटते. ती खोड नाही. पिढ्यान् पिढ्या या मातीत राहून शिकलेले आरोग्यशास्त्र आहे. हे सारे एका वाक्यात बसते : आधी डोळा जाऊ द्यावा, मग हात.

तेर, लेणी आणि जुन्या भिंती

तेरणा नदीकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. त्याही आधी, प्राचीन काळी, ते तगर नावाने रोमन जगाशी व्यापार करणारे नगर होते. येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. धाराशिव शहराजवळची लेणी बालाघाटच्या कड्यात कोरलेली आहेत. नळदुर्गला बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातील बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणी महाल आहे, आणि पावसाळ्यात त्यावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळतात. पश्चिमेला परंड्याचा भुईकोट किल्ला खंदकासह उभा आहे.

या सर्व ठिकाणांत एक साम्य आहे : जुने दगडी बांधकाम, आणि त्यातील फटी. दिवसा उजेडी वाटेवरून फिरताना धोका नगण्य असतो. मात्र ज्येष्ठ व्यक्ती पायऱ्या चढताना तोल सावरायला भिंतीला हात लावतात, आणि तो हात नेमका खोबणीत जातो. म्हणून किल्ल्यावर किंवा लेण्यांत आधारासाठी काठी जवळ असावी, दुसरा हात सोबत्याच्या हातात असावा. बुरुजाच्या सावलीत शिदोरी सोडताना आधी काठीने जागा साफ करावी, आणि पिशव्या जमिनीवर उघड्या ठेवू नयेत. उघडी पिशवी म्हणजे अंधारे बीळच. मुक्कामाला परतल्यावर पिशवीत हात घालण्याऐवजी ती उजेडात रिकामी करावी.

जिल्ह्यातील गावांत अजूनही दगड-मातीच्या रुंद भिंतींची, माळवदाची घरे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात अशाच भिंती उमरगा-लोहारा भागात हजारो माणसांवर कोसळल्या, आणि त्यानंतर पुष्कळ गावे नव्या जागी वसली. उरलेली जुनी घरे उन्हाळ्यात थंड राहतात, पाहुण्याला हवीहवीशी वाटतात. अशा घरी मुक्काम असेल, तर खाट भिंतीपासून हातभर दूर ओढून घ्यावी. अंथरुणाच्या कडा जमिनीला टेकू देऊ नयेत. मच्छरदाणी लावून ती गादीखाली नीट खोचावी. डासांबरोबर ती माळवदातून पडणाऱ्या विंचवालाही अडवते. विंचवाला गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर चढता येत नाही. म्हणून खाटेचे पाय स्टीलच्या वाट्यांत किंवा गुळगुळीत डब्यांत ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे.

रात्रीचे उठणे

ज्येष्ठांच्या बाबतीत सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे मध्यरात्री लघवीला उठण्याची. प्रोस्टेटचा त्रास, मधुमेह, रक्तदाबासाठीची लघवीची गोळी, यांमुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते. नवी जागा, अर्धवट झोप, मंद दृष्टी. मग पाय चपलेऐवजी जमीन चाचपतात आणि हात चष्मा शोधत अंथरुणाखाली फिरतो. दंश होतो तो बहुधा अशाच क्षणी, हाताला किंवा पायाला.

यावर उपाय साधे आहेत. विजेरी उशाशी, हाताला दोरीने बांधलेली असावी. चष्मा, कवळीचा डबा, श्रवणयंत्र आणि औषधे एका झाकणाच्या डब्यात, स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवावीत. पाय खाली सोडण्याआधी जमिनीवर उजेड टाकावा. चप्पल जमिनीवर न ठेवता स्टुलावर किंवा बंद पिशवीत ठेवावी. ठेवली नसेल तर घालण्यापूर्वी उलटी करून आपटावी. मुक्कामाच्या ठिकाणी युरिनचे भांडे जवळ ठेवण्यात कोणताही कमीपणा मानू नये. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल, तर प्रवासापुरती तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि काळजी घेणाऱ्याची झोपण्याची जागा हाकेच्या अंतरावर असावी.

तंबू वापरणाऱ्यांनी जोडलेल्या तळाचा, पूर्ण बंद होणाऱ्या साखळीचा तंबू घ्यावा, आणि आत-बाहेर करताना ती साखळी प्रत्येक वेळी ओढावी. तंबू दगड वेचून स्वच्छ केलेल्या जागी उभारावा. सकाळी तो उचलताना खालच्या बाजूला हात घालण्याआधी तो उलटवून पाहावा, कारण रात्रभरात तंबूच्या तळाखाली विंचवाला छान आडोसा मिळालेला असतो. नोटा तपासायला वापरतात त्या अतिनील किरणांच्या विजेरीत विंचवाचे अंग हिरवट-निळसर चमकते. अशी छोटी विजेरी स्वस्तात मिळते. अंधार पडल्यावर मुक्कामाच्या भोवती तिने एक फेरी मारावी. नातवंडांना यात मौज वाटते आणि मोठ्यांचे काम होते. फक्त बघायचे, हात लावायचा नाही, ही अट आधीच घालावी.

दुखणे आणि धोका

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. विंचवाच्या दंशाचे दोन भिन्न चेहरे आहेत. पहिल्यात दंशाच्या जागी आग होते, कळा वर चढतात, माणूस तळमळतो. पण बाकी शरीर ठीक असते. बहुसंख्य दंश असेच असतात, आणि ते काही तासांत आपोआप कमी होतात. मंत्राने विंचू उतरतो ही समजूत यातूनच टिकून आहे. उतरणारा दंश उतरतच असतो; श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते.

दुसरा चेहरा फसवा आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते आणि ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर शरीरात सोडते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर एकाएकी मोठा भार पडतो. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. अशा रुग्णाला दंशाच्या जागी फारशा वेदना नसण्याचीही शक्यता असते. माझ्याकडे एकदा सत्तरीच्या एका आजींना आणले होते. "लई दुखत न्हाई, उगी आणलं मला," असे त्या सांगत होत्या. परंतु उन्हाळ्याच्या रात्री त्यांचे हात-पाय बर्फासारखे थंड होते, लुगडे घामाने चिंब भिजले होते, आणि वाटेत दोनदा उलटी झाली होती. सुनेने हे तिन्ही पाहिले आणि सासूबाईंच्या म्हणण्याकडे लक्ष न देता गाडी काढली. त्या सुनेच्या निरीक्षणामुळे उपचार वेळेत सुरू झाले आणि आजी बऱ्या झाल्या.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी ही लक्षणे पाठ करावीत : उलटी, भरपूर घाम, तोंडाला सुटणारी लाळ, हात-पाय थंड पडणे, छातीत धडधड, खोकला किंवा धाप लागणे, बेचैनी, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला येणारा अनैच्छिक ताठरपणा. शेवटचे लक्षण संकोचापोटी सांगितले जात नाही. ते स्पष्ट विचारावे. यांतले एकही लक्षण दिसले, तर वेदना किती आहेत हा प्रश्न गौण ठरतो. लहान मुलांत विषाचा परिणाम सर्वांत तीव्र होतो. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा ज्येष्ठांना हा भार पेलणे कठीण जाते. या दोघांना दंश झाला, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

महाडमध्ये सापडलेली वाट

या विषावरचा उपाय महाराष्ट्राच्याच एका खेड्यात सापडला, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. मराठवाड्याच्या जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावल्याने धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाशेजारी बसून लक्षणे टिपली, आणि १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध या रुग्णांना देऊन पाहिले. आकसलेल्या रक्तवाहिन्या या औषधाने सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ३० टक्के दगावत. योग्य वेळी प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण अगदी थोड्यावर आले.

त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत त्यांनी ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली, तर रुग्ण सरासरी दहा तासांत सावरतात, आणि नुसत्या प्राझोसिनने सुमारे अठरा तास लागतात, असे त्यात दिसले. ही लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होते. ती सर्पदंशाच्या लसीहून वेगळी आहे. सापाची लस विंचवाला चालत नाही. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? उपचार मोठ्या शहरातच आहे असे नाही. प्राझोसिनची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात देता येते. वेळ वाया जातो तो गावठी उपायांत. मात्र ही गोळी आपण होऊन घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, विशेषतः उभे राहताना. ज्येष्ठ व्यक्ती चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला आडवे ठेवूनच द्यायची असते.

पहिल्या तासात काय करावे

रुग्णाला धीर द्यावा, बसवावे किंवा झोपवावे. चालायला लावू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी. जागा साबण-पाण्याने धुवावी. अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या रुततात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवल्यास आग कमी होते. संवेदना कमी असलेल्या पायावर बर्फ फार वेळ धरू नये. वेदना तीव्र असतील, तर डॉक्टर त्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देतात, आणि त्याने लवकर आराम पडतो.

करकचून दोरी बांधू नये. ब्लेडने चिरू नये, तोंडाने विष ओढू नये. रॉकेल, चुना, मिरची, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. दारू पाजू नये. विंचवाला पकडण्याच्या धडपडीत दुसऱ्याला दंश होऊ देऊ नये. सहज शक्य असेल, तर दुरून भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला बोलवावे, आणि ती येईपर्यंत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते हे पाहावे. रुग्णालयात आपण नेहमी घेत असलेल्या औषधांची यादी दाखवावी. ही गोष्ट ज्येष्ठांसाठी अत्यंत महत्त्वाची आहे. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या यांचा विषाच्या लक्षणांशी आणि प्राझोसिनशी थेट संबंध येतो. कित्येकांना गोळीचा रंग आठवतो, नाव आठवत नाही. म्हणून चिठ्ठीचे छायाचित्र स्वतःच्या आणि सोबत्याच्या अशा दोन्ही भ्रमणध्वनींत असावे, आणि एक कागदी प्रत खिशात असावी. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली थांबावे. मुलांच्या आणि हृदयरुग्णांच्या बाबतीत पहिले २४ तास जपावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी

प्रवासाची तयारी करताना देवाच्या ओटीचे सामान, शिदोरी, पाण्याची बाटली हे सारे आठवणीने भरले जाते. त्यातच या वस्तू घालाव्यात : दोन विजेऱ्या व त्यांच्या बॅटऱ्या, पायाची बोटे झाकणारी पादत्राणे, मच्छरदाणी, ताडपत्री, काठी, औषधांची यादी. जिथे मुक्काम आहे त्या गावाचे आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री तिथे कोण असते, हे पोहोचताच दिवसाउजेडी विचारून घ्यावे. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत पत्ता शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

आणि घरातील आजी-आजोबांना एक विनंती. नातवंडांना येडशीच्या रामलिंगाला न्याल, तेरला न्याल, माळावर चांदण्यात झोपवाल, तेव्हा अंथरूण झटकण्याचे काम त्यांच्याकडे द्या. का झटकायचे, तेही सांगा. वहाण आपटून घालायला, दगड पलीकडून उचलायला, अंधारात आधी उजेड टाकायला शिकवा. या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांना अजून कोणी सांगितलेल्या नाहीत.